धबधबा आहे, पण आत आहे

मराठी माणूस धबधबा निवडतो तो उंचीवरून किंवा पाण्यावरून नाही, पायपिटीवरून. त्याचा पहिला प्रश्न असतो, "गाडी कुठपर्यंत जाते?" दुसरा, "तिथून चालायचं किती?" तिसरा प्रश्न तो स्वतः विचारत नाही, बायकोला विचारायला लावतो : "तिथे बाथरूमची काही सोय?" या तिन्ही विषयांत धबधबा पास झाला, तरच त्याच्या सौंदर्याचा विचार होतो.

या हिशेबात आंबोलीला तोड नाही. तिथला मोठा धबधबा घाटरस्त्याला खेटून पडतो. गाडीचं दार उघडायचा अवकाश, तुम्ही भिजलात. कित्येक जण तर दारही उघडत नाहीत. काच चार बोटं खाली करून 'बघितला' म्हणतात आणि भज्यांच्या शोधात पुढे सरकतात. याच्या उलट देवकुंड. भिऱ्याहून रानातली लांबलचक वाट, मध्ये ओढे, आणि बहुतेक पावसाळ्यांत जिल्हा प्रशासनाचा बंदीहुकूम. म्हणजे तिथे जायचं तर आधी वाटेशी भांडायचं आणि मग पोलिसांशी. दूधसागरला गाडी, म्हणजे आगगाडी, धबधब्याच्या अंगावरून जाते. फक्त तिथे उतरायला मनाई आहे. तरीही २०२३च्या जुलैत काही हौशी मंडळी रुळांवरून चालत निघाली, तेव्हा रेल्वे पोलिसांनी त्यांना ओळीत उभं करून उठाबशा काढायला लावल्या. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. त्या आठवड्यात धबधब्यापेक्षा उठाबशाच जास्त लोकांनी पाहिल्या असतील. शिवाय त्या स्पष्ट दिसत होत्या.

स्पष्ट दिसण्याचं मुद्दाम काढलं. कारण सह्याद्रीतल्या धबधब्याची खरी गोम तिथेच आहे.

आमच्या घरी आषाढ लागला की कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कुठेतरी जाऊ या' ही साथ येते. यंदा भुशी डॅम गर्दीमुळे बाद झाला, लिंगमळा महाबळेश्वरच्या ट्रॅफिकमुळे बाद झाला, आणि भांबवलीचा वजराई 'नाव चांगलं आहे, पण चालायला लागतं' या एका वाक्यात बाद झाला. उरलं ठोसेघर. साताऱ्यापासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. माझे साडू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो आणि आमची ही सातारकडची असल्यामुळे दाजी म्हणते, त्यांनी हमी घेतली, "पार्किंगपासून हे एवढंसं. पायऱ्या आहेत, रेलिंग आहे. मावशीसुद्धा आरामात येतील."

मावशी म्हणजे हिची मावशी. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, गुडघे त्याच्याही पुढे गेलेले. पण मावशींना कमी लेखण्यात अर्थ नाही. त्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो आणि त्याने त्यांना नायगरा दाखवलेला आहे. तिथल्या बोटीवर जो निळा प्लास्टिकचा रेनकोट देतात, तो माणसं घरी नेतात, पण वापरत नाहीत. मावशींनी तो धुऊन, वाळवून, घडी घालून पुण्याला आणला आणि ठोसेघरला घालून आल्या. छातीवर इंग्रजीत बोटीचं नाव, खाली नऊवारी, पायात रबरी चपला. एका अंगावर दोन धबधबे सांभाळणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

गाडी भाड्याची होती. गाडीवाले मामा मूळचे माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. साताऱ्याचा बोगदा ओलांडून सज्जनगडाच्या रस्त्याला लागलो, तशी परळीच्या अंगाला खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसायला लागलं. मागच्या सीटवरून 'वॉव' वगैरे आवाज आले. मामांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "ह्ये आमचं पानी."

"तुमचं कसं काय?" अण्णांनी विचारलं. जगातल्या कुठल्याही पाण्यावर त्यांना न विचारता कुणी हक्क सांगितलेला त्यांना चालत नाही.

"उरमोडीचं पानी माण-खटावला येतं न्हवं, कालव्यानं आन् पंपानं. आलं तर रानात येतं, न्हाई आलं तर पेपरात येतं."

यावर अण्णांनी पर्जन्यमान काढलं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये कसाबसा पाचशेच्या आसपास. कारण ढग घाट चढताना ओझं टाकतात आणि पुढे मोकळे जातात. माहिती बरोबर होती. मामा म्हणाले, "ढगानं कुठं उतरायचं त्ये आमास्नी इचारून ठरत न्हाई, साहेब," आणि गियर बदलला.

सज्जनगडाचा फाटा मागे पडला आणि थोड्याच वेळात रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, दिसायचा संपला. ढग थेट डांबरावर उतरला होता. समोरून येणाऱ्या गाडीचे फक्त दिवे यायचे, गाडी नंतर यायची. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ही इकडची मोठी प्रेक्षणीय गोष्ट. त्यांच्या पात्यांचा घूंऽऽ घूंऽऽ आवाज येतो असं अण्णांचं म्हणणं होतं. आमच्या सौभाग्यवतींच्या मते तो गाडीच्या एसीचा आवाज होता. एसी बंद केला. आवाजही बंद झाला. अण्णा म्हणाले, "वारा पडला."

पार्किंगच्या टोकाला पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून एक तरुण गावकरी पावत्या फाडत होता. टेबलावर पावतीपुस्तक, त्याच्यावर उडू नये म्हणून नारळाएवढा दगड, आणि पुस्तकाला कॅरीबॅगचं आवरण. तो पिशवीत हात घालून आतल्या आत लिहायचा आणि पावती तेवढी बाहेर काढायचा. वर्षानुवर्षं हात बसलेला असल्याशिवाय हे जमत नाही.

"धबधबा दिसतोय ना?" हिने विचारलं.

"धबधबा आहे," तो म्हणाला.

"आहे, पण दिसतोय का?"

"आहे, पण आत आहे."

इतकं सरळ उत्तर मी कुठल्याही सरकारी-निमसरकारी टेबलापलीकडून आजवर ऐकलेलं नाही. आम्ही पावत्या घेतल्या. आत असलेल्या माणसाची दोन तास बाहेर बाकावर बसून वाट बघायची आपल्याला सवय असतेच.

वाट खरोखरच छोटी आहे. दोन्ही बाजूंना झाडी, शेवाळलेली खोडं, बांधावर नेचे, मध्येच उजवीकडून एखादा ओहोळ पायरीवरून आपल्या आधी खाली जातो. धडधाकट माणसाने न थांबता चाललं तर दहा-पंधरा मिनिटांत पोचेल. पण कुटुंब न थांबता चालत नाही. आमचे चिरंजीव दर दहा पायऱ्यांवर व्हिडिओ काढत होते, ही दर वीस पायऱ्यांवर 'मावशी, सावकाश' म्हणत होती, आणि मावशी सगळ्यांच्या पुढे होत्या.

या वाटेवरची खरी करमणूक म्हणजे परत येणारी माणसं. धबधब्याच्या वाटेवर अनोळखी माणसांत जितका मोकळा संवाद होतो, तितका एका जिन्यातल्या शेजाऱ्यांत होत नाही. "अजून किती?" हा वर जाणाऱ्याचा... चुकलो, ठोसेघरला उतरणाऱ्याचा प्रश्न. त्याला ठरलेलं उत्तर, "आलंच, पाच मिनिटं." ही पाच मिनिटं कुठेही उभं राहून विचारलं तरी पाचच असतात. पण त्या दिवशी दुसरा प्रश्न महत्त्वाचा होता. "दिसतोय?" ज्यांना दिसला होता ते थांबून, खुलून सांगायचे : "आत्ता होता! तुम्ही दोन मिनिटं आधी यायला हवं होतं." ज्यांना दिसला नव्हता तेही थांबून सांगायचे, आणि तेच जास्त आनंदाने : "काऽऽही नाही. नुसतं पांढरं. आम्ही तासभर उभे होतो." आपण फसलो, पण आपल्यामागून आणखी माणसं तिकडेच चालली आहेत, यात माणसाला फार मोठा दिलासा असतो.

मधल्या एका पायरीवर वाहतूक अडली. खाली बघितलं तर पायरीच्या बरोबर मधोमध एक खेकडा. बिस्किटाच्या आकाराचा, पाठ जांभळट तपकिरी, आणि नांग्या पिवळसर नारिंगी. तो पळून जात नव्हता. दोन्ही नांग्या वर करून, डोळ्यांच्या काड्या ताठ करून, सगळ्या पर्यटनाला विरोध करत उभा होता. डाव्या बाजूने जावं तर तो डावीकडे सरके, उजव्या बाजूने जावं तर उजवीकडे. एकेक नांगी वेगळ्या मापाची. मोठी पुढे धरलेली आणि छोटी तोंडाशी नेऊन मध्येच काहीतरी खाल्ल्यासारखं करत होता. लढाईही चालू आणि नाश्ताही. वरून येणारे वीस आणि खालून येणारे वीस अशी दोन्ही सैन्यं थांबली. कुणी म्हणे काठीने सरकवा, कुणी म्हणे फोटो होऊ द्या. शेवटी मावशी पुढे झाल्या, निळ्या रेनकोटाचा घोळ उचलला आणि त्याला ओलांडून गेल्या. तो बघतच राहिला. मग बाकीचे चाळीस जणही गेले.

पॉइंटवर पोचलो. कठड्याशी शे-दीडशे माणसं तीन रांगांत दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांची तोंडं एका बाजूला. समोर दरी. म्हणजे दरी असावी. कठड्याच्या पलीकडे हातभर गवत दिसत होतं, गवतात तेरड्याची दोन गुलाबी फुलं, आणि त्यानंतर सगळं पांढरं. मात्र आवाज होता. एखादं मोठं काम जवळच कुठेतरी अखंड चालू असल्याचा, छातीत जाणवणारा आवाज. दीडशे माणसं धबधबा ऐकत उभी होती.

गर्दीत काही जणांच्या खांद्यावर टॉवेल होते. ठोसेघरला धबधब्याखाली भिजता येत नाही, तो दरीच्या पलीकडच्या कड्यावरून खाली पडतो आणि आपण अलीकडच्या बाजूने बघतो. पण घरातून निघताना धबधबा म्हटलं की टॉवेल घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी समजूत. बिचारे टॉवेल नुसते दमट होऊन परत जातात.

अण्णांनी कठड्याशी जागा मिळवली आणि पांढऱ्यातच हात लांब करून समजावून द्यायला सुरुवात केली. "ते तिकडे डावीकडे, हां, त्या बाजूला मोठा धबधबा. दोनशे मीटरच्या घरात उंची. हा सगळा दख्खनचा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थरावर थर. एक थर कठीण, एक ठिसूळ. ठिसूळ थर पाणी खाऊन टाकतं, वरचा कठीण थर अधांतरी राहतो, तो तुटतो, म्हणून कडा सरळ उभा राहतो." आजूबाजूचे लोक माना डोलवायला लागले. धुक्यात अण्णांची अधिकारवाणी फार खुलते. दिसत असतं तर कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नसतं. काही दिसत नव्हतं म्हणून ते एकटेच दिसत होते. एका गृहस्थांनी तर मुलाला पुढे करून "काकांना विचार" असं सांगितलं. मुलाने विचारलं, "काका, धबधबा खरंच आहे का?"

मावशींना आतापर्यंत एक प्लास्टिकची खुर्ची कुणीतरी दिली होती. त्या तिथून म्हणाल्या, "नायगरा असा लपत नाही."

आता अण्णांना उत्तर देणं भाग होतं. "मावशी, नायगराची उंची पन्नास-पंचावन्न मीटर. आपल्या ठोसेघरच्या जेमतेम चौथाई."

"असेल. पण दिसतो."

"आणि तो तरी कुठे नैसर्गिक राहिलाय? वीजनिर्मितीसाठी त्याचं पाणी वळवतात. १९५० साली अमेरिका आणि कॅनडाचा करार झालाय. पर्यटकांच्या मोसमात दिवसा धबधब्याला जेवढं पाणी सोडतात, रात्री त्याच्या निम्मं!"

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. आजूबाजूला बरेच जण पुण्याचे होते. रात्री नळाचं पाणी निम्म्यावर आणतात तसंच हे, आणि तेही अमेरिकेत, यात एक प्रकारचं समाधान होतं. कुणीतरी विचारलं, "गुरुवारी बंद असतो का?" अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. जोगचा धबधबाही आता लिंगनमक्की धरणाच्या मर्जीवर आहे, शरावतीचं पाणी धरणाने अडवलं आणि जोग दिवसेंदिवस सुकत गेला, हेही त्यांनी सांगितलं. "ठोसेघरला असलं काही नाही. याला वरून कुणी तोटी लावलेली नाही. जेवढा पाऊस, तेवढा धबधबा."

इथेच मला सगळ्या भानगडीचा उलगडा झाला. जेवढा पाऊस तेवढा धबधबा, आणि जेवढा पाऊस तेवढं धुकं. समुद्रावरून आलेला ढग घाट चढतो, इथे येऊन रिता होतो, त्याच्या रिकामं होण्यातून हा धबधबा वाहतो, आणि तोच ढग मग आपण काय केलं ते कुणाला दिसू नये म्हणून त्याच्यासमोर उभा राहतो. धबधबा भरात असतो तेव्हा तो दिसत नाही. दिसतो तेव्हा भरात नसतो. पावसाळी सहलीचं सगळं अर्थकारण या एका गोष्टीवर चालतं, नाहीतर एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा कशाला येईल?

कठड्याजवळ एक पोरगा रील काढण्याच्या तयारीत होता. मित्राने मोबाइल धरला, याने गॉगल चढवला (धुक्यात!), आणि एक पाय कठड्याच्या पाइपवर ठेवला. तेवढ्यात मागच्या झाडीतून शिट्टी आली. लांब, स्वच्छ, चढत-उतरत जाणारी. पोरगा झटकन खाली उतरला आणि इकडे-तिकडे बघत हात मागे बांधून उभा राहिला. गळ्यात खरी शिट्टी अडकवलेला तिथला रखवालदार त्याच्या शेजारीच उभा होता. त्याने शिट्टीला हातही लावलेला नव्हता.

"पाखरू हाय," रखवालदार हसला. शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात ओढ्याकाठी अगदी माणसासारखी शीळ घालणारा, निळसर काळा पक्षी. "माझी शिट्टी कोण ऐकतंय? त्याची ऐकत्यात." मग त्या पोराकडे वळून म्हणाला, "खाली चारशे-पाचशे फूट खोल हाय, बाळा, आन् आता दिसत न्हाई म्हणून कुणालाच भ्या वाटंना. दिसतं तवा आपोआप मागं सरकत्यात." धुकं नसलं की वरच्या छोट्या धबधब्याकडे, प्रवाहात पाय सोडून बसायची लोकांची हौस असते; त्यांनाही तो हेच सांगतो. इथे उघडीप असते, वर पठारावर मात्र सर येऊन गेलेली असते, आणि ओढ्याचं पाणी वाढताना आधी कळवत नाही. हे सांगताना त्याच्या बोलण्यात विनोद नव्हता आणि आम्हीही कुणी हसलो नाही.

गाडीवाले मामा गाडी लावून आमच्यामागून आले होते. बाकीचे दरीकडे बघत होते, ते खाली वाहून जाणाऱ्या आवाजाकडे कान लावून उभे होते.

"साहेब, ह्ये पानी जातंय कुठं?"

"तारळीत," अण्णा म्हणाले. "तारळी उंब्रजला कृष्णेला मिळते. मग कृष्णा कर्नाटकातून, तेलंगणातून, आंध्रातून बंगालच्या उपसागरात."

"आन् आपला ह्यो अरबी समुद्र?"

"तो इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही."

मामांनी गणित केलं. "म्हंजे समुद्र ह्या अंगाला, आन् पानी निघालं त्या अंगाला, हजार किलोमीटरच्या वर. वाटंत दहिवडी लागती का?"

"नाही."

"तरीच," मामा म्हणाले, आणि तंबाखूची चंची काढली.

आणि मग धुकं उघडलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पलीकडच्या बाजूला एक काळा, चकचकीत ओला ठिपका दिसला. मग त्याच्या खाली हिरवं. मग कड्याची एक कडक रेघ. आणि त्या रेघेवरून काहीतरी पांढरं सुटलेलं. धुकंही पांढरं, धबधबाही पांढरा. फरक इतकाच, की एक पांढरं जागच्या जागी होतं आणि दुसरं खाली जात होतं. ते एकसंध पडत नव्हतं. मोठे मोठे गोळे सुटत होते, प्रत्येक गोळा सुटताना भरगच्च, पडता पडता त्याला शेपट्या फुटत, शेपट्यांचं पीठ होई, आणि पीठ खालच्या धुक्यात मिसळून जाई. एकाच गोळ्यावर नजर ठेवली की धबधबा थांबल्यासारखा वाटतो आणि समोरचा कडाच हळूहळू वर चढतोय असं दिसतं. वरचा अर्धा भाग तेवढा उघडला होता. खालचा आतच राहिला.

हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आसपास चाललं. त्या अर्ध्या मिनिटात आमच्या कुटुंबाची स्थिती पुढीलप्रमाणे होती. हिने नुकत्याच सुरू झालेल्या सरीसाठी रेनकोट डोक्यातून घालायला घेतला होता आणि डोकं बाहीत अडकलं होतं. आतून 'आहे का? आहे का?' असा आवाज येत होता. चिरंजीव सेल्फी घेत धबधब्याकडे पाठ करून उभे होते. फोटोत कान सुंदर आला आहे. मेहुणी पर्समध्ये चष्मा शोधत होती आणि तो डोळ्यांवर होता. अण्णांचा हात अजून डावीकडेच होता. धबधबा निघाला उजवीकडे.

अण्णा सावकाश वळले. हात खाली घेतला नाही. तसाच अर्धवर्तुळात फिरवून उजवीकडे आणला. म्हणाले, "तो बघा, तो लहान. मोठा डावीकडे आहे, तो अजून आत आहे."

धुकं मिटलं. दीडशे माणसांतून 'अरेऽऽ' असा एक सूर निघाला आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "वन्स मोअर!" संगीत नाटकात निदान नट दाद देत असे. इथे कुणी दाद दिली नाही. आणखी पाऊण तास आम्ही उभे होतो.

परतीच्या चढावर मात्र सगळे तज्ज्ञ झाले होते. 'यंदा पाणी कमी आहे,' असा सर्वानुमते ठराव झाला. ज्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता तेही यात सामील होते. धबधबा पाहून 'यंदा पाणी कमी' म्हणायचं आणि आंबा खाऊन 'यंदा गोडी कमी' म्हणायचं. त्याशिवाय आपण जाणकार ठरत नाही. वरून येणाऱ्यांनी "दिसतोय?" विचारलं की आमचे चिरंजीव थांबून सांगत होते, "आत्ता होता! दोन मिनिटं आधी यायला हवं होतं."

वर आलो तर कणसांच्या गाडीवर गर्दी. कोळशाच्या शेगडीला सायकलचं चाक फिरवून वारा घालणारी एक बाई, तिच्यासमोर कणसं, आणि एका वाटीत तिखटमीठ. लिंबाची एकच फोड होती. ती तिखटमिठात बुडवून कणसावर घासायची, पुन्हा बुडवायची, पुढच्या कणसावर. सकाळपासून किती कणसांवरून ती फोड फिरली असेल देव जाणे. तिच्यात लिंबू उरलं नव्हतं, साल उरली होती. पण सगळ्यांनी तिचंच तिखटमीठ मागून मागून लावून घेतलं. घरी हीच बाई ओट्यावर दुसऱ्याचा चमचा चालवून घेत नाही (माझ्या बायकोबद्दल बोलतोय). मेहुणीच्या हातातलं अर्धं कणीस एका माकडाने इतक्या सफाईने नेलं की दोन सेकंद ती रिकामा हात तोंडाशी नेत राहिली. माकड पत्र्यावर बसून दाणे उलगडून खात होतं आणि मध्येच दरीकडे बघत होतं. धुक्याची त्याला घाई नव्हती.

गाडीत बसायच्या आधी मावशी सरळ पावतीच्या टेबलाशी गेल्या. निळ्या रेनकोटातून पावती काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघ बाळा, आम्हाला अर्धाच दिसला. वरचा. ही पावती पुन्हा चालेल का?"

त्याने पावती बघितली, मावशींकडे बघितलं, रेनकोटावरचं इंग्रजी वाचायचा प्रयत्न केला. "मावशी, तुम्ही दिवाळीनंतर या. पावतीसुद्धा लागायची नाही, मी सोडतो. धुकं नाही, पाऊस नाही, गर्दी नाही. वरपासून पार तळापर्यंत सगळं स्वच्छ दिसतं."

"आणि धबधबा?"

"तो तेवढा नसतो," तो म्हणाला, आणि पुढच्या गाडीची पावती लिहायला पिशवीत हात घातला.